कातेल्लोच्या बाकावरची मुलगी

सन्माननीय अध्यक्षा दोन्नारुम्माबाई, मंचावरचे फादर ओरोंझो, आजचे सत्कारमूर्ती कातेल्लो रुओप्पोलो आणि तोर्रे देल ग्रेकोतल्या, बोटांना शंखाची भुकटी लागलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

कातेल्लो निवृत्त होतोय याचं मला दुःख झालं, असं म्हणायची रीत आहे. मला झालं नाही. हसू नका, फादर! याच्यासारखी व्हीनस शंखावर कोणी कोरत नाही, हे मान्य. शेजारच्या बाकावर बसून मी उभा जन्म जळतोय. पण ती जळजळ धंद्यातली, तिची सवय होते.

खरी आग म्हणजे माझी फिलोमेना. चार पिढ्यांच्या कारागिरांची लेक, आणि कोरणी धरायला शिकली या गृहस्थाकडे! मी विचारलं, "का गं, घरी बाप मेलाय का?" तर म्हणते, "पापा, तुम्ही ओरडता. कातेल्लोकाका चुकू देतात." चुकू देतात! शंख काय फुकट येतात? तेव्हापासून घरात जेवताना कातेल्लोकाका, उठताना कातेल्लोकाका.

तरी मी दम धरला. म्हटलं, हा म्हातारा कधीतरी उठेल, मग पोरगी माझ्या बाकावर येऊन बसेल. आणि काल हा मला काय सांगतो? "आनिएल्लो, माझा बाक फिलोला दिलाय. खिडकीचा उजेड तिला मानवतो." अरे, मुलगी कोणाची? आणि देणारा तू कोण?

असो. तिने गुरूसाठी शंखावर कोरलेला उठावाचा कॅमिओ माझ्याच हातून द्यायचा, असं आपल्या मंडळाने ठरवलं. मंडळालाही काय एकेक सुचतं! पेटी मी आत्ता, इथे बसल्या बसल्या उघडली. पाताळाचा राजा प्लूटो प्रॉसर्पिनाला रथातून पळवून नेतोय, आणि मागून तिची आई सेरेस मशाल घेऊन शोधत धावतेय. म्हटलं, शाब्बास, चोर बरोबर ओळखला पोरीने! मग चष्मा लावला. मशालवाल्या सेरेसच्या तोंडावर हे नाक कुणाचं? मोडलेलं, डावीकडे झुकलेलं? या सभागृहात असं नाक एकच आहे.

फिलो, खाली बघू नकोस. दिसलं मला.

मंडळाचे, अध्यक्षांचे आभार. बोलताना कोरणी कुठे जास्त खोल गेली असेल, तर पोटात घाला. आणि कातेल्लो, ही घे पेटी. मला अजूनही तुझा हेवा वाटतो रे. माझ्या लेकीने आयुष्यात एकदाच माझा चेहरा कोरला, आणि तो तुझ्या घरी चाललाय.