उतारावरचा नेम

पबच्या काउंटरपुढे रांगेत उभ्या असलेल्या हिल्डाच्या पाठीमागे दोन म्हातारे कुजबुजत होते.

"ऐकलंस का विल्फ? मालकीणबाई ही कललेली जमीन सपाट करून घेणार."

"काहीतरीच! इथले ओकचे खांब वाकडे, तुळया वाकड्या, मग एकट्या जमिनीनं काय घोडं मारलंय?"

"अरे, शनिवारी इथं पलीकडच्या गावाशी डार्ट्सचा सामना आहे!"

"मेलो! आपला नेम या उतारावरच बसलाय."

"सपाट जमिनीवर मागे तू बाणानं पाद्रीबाबांची टोपी उडवली होतीस."

"हळू बोल. पलीकडच्या गावाला कळलं तर संपलंच."

हिल्डाचा नंबर आला.

"एक पाइंट बिअर द्या मालकीणबाई," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि सुतार आम्ही पाठवतो, पलीकडच्या गावातून. उद्याच. अगदी फुकट."