गबाळा जोशी

— नाही हो लतिकाताई, चमचा कशाला मागता? चमच्यानं खायचंच नसतं हे. दोन्ही हातांनी धरायचं, असं, कोपरं टेबलावर, मान पुढं काढायची आणि मोठा आ करून — हां! सांडलं ना? सांडू दे. सांडलं नाही तर करणारीचं काहीतरी चुकलं असं समजायचं, कुशलनं सांगितलंय मला. साडीवर नाही ना गेलं? गेलं. असू दे, बेसन चोळते मग. तो फोन तेवढा बाजूला ठेवा, तांब्याला टेकवून, नाहीतर त्यालाही लागेल. नकाशा चालूच आहे का अजून? राहू दे, ब्रह्मा घाटाच्या गल्लीत शिरलेला नकाशा लवकर बाहेर पडत नाही. तुम्ही पोचलात हेच खूप. आणि तासभर लवकर पोचलात. नाही नाही, वाईट काहीच नाही, फक्त घरात मी एकटी आहे. आमचे हे रामनगरला पूजा सांगायला गेलेत, आणि पद्मावन्सं — माझी नणंद — बालाजी घाटावर कीर्तनाला. दोघांनी जाताना बजावलंय मला, शरदिनी, मुलीची मावशी पुण्याहून येत्येय, चहा दे, पदार्थ दे, आणि आम्ही येईस्तोवर तोंड बंद ठेव. तर मी काही बोलणार नाही. तुम्ही खा.

कसं झालंय? घास आहे ना तोंडात, नुसती मान हलवा. — तिखट? तिखट नाही हो ते, आलं आहे. घ्या पाणी. ह्या पाण्याच्या घोटापर्यंत यायला तीन आठवडे लागलेत आम्हाला, सांगते. मतलब सांगायचं नाहीये, पण पदार्थाबद्दल बोलायला काय हरकत आहे? पत्राबद्दल बोलू नको म्हणालेत, पदार्थाबद्दल नाही. — पत्र आणलंयत? पर्समध्ये? पर्समध्येच राहू दे. ते ह्यांनी लिहिलं, ह्यांचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं, लगेच विझतो, पण तेवढ्यात शेगडी घाण करून ठेवतो. असं सांगायचं ठरलंय आमचं. मतलब, असंच आहे ते.

आता तुम्हीच बघा हो. माघात साखरपुडा ठरलाय, दोन्ही घरं खूश, मुलगा बंगळूरला, तुमची इरावतीही बंगळूरला, आणि त्या रविवारी ती ह्याला जेवायला बोलावते. बोलावू दे की! आणि दुपारी आपल्या त्या दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो येतो. फोटोत कोण, तर आमचा कुशल. हनुवटीवर लाल, शर्टावर लाल, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा लाल, हातात फुटका पाव. आणि खाली इरावतीनं लिहिलंय, स्लॉपी जो. बास. पुढं एक हसरं तोंड. आता ऑफिसात ह्याला 'जो' म्हणतात हे मला ठाऊक, जोशीचा जो. राहिलं स्लॉपी. ह्यांनी कोश काढला — कोश मी काढला, वाचला ह्यांनी. गबाळा, ढिसाळ, पाणचट, चिखलानं भरलेला. चार अर्थ, आणि चारातला एक धड नाही! होणारी बायको नवऱ्याला, लग्नाआधी, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांदेखत, गबाळा जोशी म्हणते! वन्सं म्हणाल्या, आज जोशी गबाळा, उद्या सगळे जोशी गबाळे. झालं, तुमच्याकडे पत्र गेलं. रजिस्टरनं.

मग कुशलचा फोन. आधी हसला, मग ओरडला, आणि मग म्हणाला, आई, अगं तो अमेरिकेतला खायचा पदार्थ आहे, पावात भरून खातात. आम्ही म्हटलं, मुलगा आत्ताच तिची बाजू घेतोय. पदार्थाचं नाव कुणी गबाळा ठेवतं का? माणसाचं नाव पदार्थाला कुणी देतं का? आणि मग हे जेवता जेवता थांबले, हात ताटातच, आणि म्हणाले, सुशीला. मी म्हटलं, कोण सुशीला? तर म्हणे, चुरमुऱ्यांची सुशीला, आपण नाश्त्याला करतो ती. ती कोण होती, कुणाची लेक, कुणाची सून, विचारलंय कधी कुणी? निमूट खातोच ना? मग त्या तिकडच्यांचा जो का असू नये? लतिकाताई, इतकी लाज वाटली आम्हाला, त्या दिवशी कुणाला ताक घ्यायचंही सुचलं नाही.

तेव्हा ह्यांनी ठरवलं, प्रायश्चित्त घ्यायचं. ज्या पदार्थाचा अपमान केला तो ह्या घरात शिजवायचा, आणि तुमच्याकडचं कुणी येईल त्याला स्वतःच्या हातानं वाढायचा. बोलायला सोपं. मूळ पदार्थात खिमा! वेदपाठशाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या घरात खिमा कुठून आणू? कुशल म्हणाला सोयाबीनचा चुरा घाल, तर ह्यांना त्याचा वास सोसेना. मसूर घातली, तर म्हणे मसूर चालत नाही. मूग घातले, कांदा नाही, लसूण नाही, हिंगाची फोडणी — पावात भरलेलं वरण झालं ते. मग वन्सं पदर खोचून उठल्या. चिंच घातली, गूळ घातला, गोडा मसाला घातला. आमटी झाली! उत्तम झाली, मी भाताशी दोनदा घेतली, पण जो नव्हे तो. त्यांचं म्हणणं अजून हेच आहे की अमेरिकेतल्या लोकांना गोडा मसाला मिळत नाही म्हणून ते असं खातात, मिळाला असता तर त्यांनीही आमटीच केली असती. आणि मध्ये एकादशी आली तर त्यांनी वरीच्या तांदळाचा उपासाचा जो केला, दाण्याचं कूट घालून, राजगिऱ्याच्या पुरीत. हसू नका, ठसका लागेल.

— आत्ता कोण हसलं? तुम्ही नाही? मला वाटलं फोन हसला. त्या नकाशातल्या बाई हसतात का हो? आमच्या कुशलच्या फोनातली तर नुसतं बाएँ मुड़िए, दाएँ मुड़िए एवढंच म्हणते, ते पण रागावून.

तर हे तुम्ही खाताय ना, हा माझा. वाटली डाळ आहे ही! गणपतीत करतो ती. हरभऱ्याची डाळ भिजवली, जाडसर वाटली, वाफवली, हातानं मोकळी केली, हा झाला खिमा. आणि वरचा रस नाक्यावरच्या टमाटर-चाटवाल्याचा. रस नाही, रीत त्याची. तीन दिवस त्याच्या ठेल्याशी उभी राहिले तेव्हा चौथ्या दिवशी म्हणाला, माताजी, जिरं भाजून चाशनीत टाका, बास. जिऱ्याचा पाक, तेच राहिलं होतं. ह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. ज्या माणसानं तीस वर्षांत पावाला बोट लावलं नव्हतं तो माणूस आता सकाळी संध्या आटोपून उठता उठता विचारतो, आज जोशी आहे का? हो, आम्ही जोशीच म्हणतो. दोन जोशी वाढ, माझा जोशी करपलाय, वन्सं, तुमच्या जोशीत मीठ कमी आहे — भिंतीपलीकडून कुणी ऐकलं तर वाटेल हे लोक माणसं खातात.

अजून एक घ्या. घ्या हो. तुम्ही नको म्हणालात तर मला वाटेल लग्नालाच नको म्हणताय. — काय झालं, पत्र कशाला काढता? राहू दे ना. हे वाक्य? बघू, चष्मा कुठंय — 'आम्ही गबाळे असू, पण दुसऱ्यानं म्हणावं म्हणून नाही.' हो. छान आहे ना? मला ते — मतलब ह्यांना ते पटकन सुचलं. अक्षर तर ह्यांचंच आहे.

जाऊ दे. सुचलं मला. मी सांगत गेले, ह्यांनी उतरवलं. हे बिचारे तीनदा म्हणाले, अगं, पोरीला फोन करून विचारू या. मीच नको म्हटलं. आणि खरं सांगू, राग मुलासाठी नव्हताच. ह्या घरात मी आले त्या दिवशी निरीच्या घोळात पाय अडकून दुधाचं भगोनं सांडलं मी, तेव्हापासून सासूबाई मला गबाळी म्हणायच्या. हाक मारताना नाही, पण चारचौघांत, आमची गबाळी, असं. चांगल्या होत्या तशा. पण बावीस वर्षं हो. आणि मी आहेच की! बघा ना, मीठ कुठं ठेवलंय ते ठाऊक नाही, चष्मा — हा बघा, पावाच्या पिशवीत. तर तो शब्द वाचला आणि मला वाटलं, पोरीनं इथं यायच्या आधीच मला ओळखलं. आणि ती, मीच आवडीनं पसंत केलेली! पहिल्यांदा फोनवर बोलत होतो तेव्हा माझ्या हातून परात पडली, ती म्हणाली, काकू, काय पडलं? म्हटलं, परात. तर म्हणते, असू दे हो, माझ्याकडे रोज काहीतरी पडतं. त्याच क्षणी मी मनात म्हटलं, हीच. ह्या घरात भांडी पाडणारी मी एकटी राहणार नाही. म्हणून लागलं, लतिकाताई. फार लागलं. आणि आता तेवीस दिवस झाले, ती कुशलशी धड बोलत नाही, आणि मी रोज जोशी रांधत्येय. तिनं मोडलं तर मी काय करणार? माफी मागायची तर तिचीच ना, आणि तिला फोन करायला हात धजत नाही माझा, नुसती बडबड येते मला, नेमकं बोलता कुठं —

का हो, रडता का तुम्ही? आल्यानं? नाही? फोनाकडे काय बोट दाखवता? — नकाशा नाही तो? मग काय आहे?

इरावती?

केव्हापासून? गल्लीत शिरल्यापासून? मतलब बेसनापासून? उपासाचा जो, आणि पत्र, आणि सासूबाई, आणि परात — सगळं?

अगं बाई.

लतिकाताई, तुम्ही हात धुवा बघू. आणि जरा गच्चीवर जाऊन या, गंगा छान दिसते वरून. कोपऱ्यातली काठी घेऊन जा, माकडं आहेत. तो पाव नेऊ नका, हिसकावतील. ठेवा इथं, मी झाकते. जा, जा, दार लोटून घ्या.

— दिसत्येय का गं मी? हं. बोल, बाळ. आता तू बोल. मी गप्प बसते.