शकुबाईला भेटायला आलेली माणसं

नाही, मला एवढंच सांगा, दवाखान्यात पेशंटनं बरं व्हायचं असतं की नाही? असतं ना? मग झालं! मी काही जगावेगळं मागत नव्हते! तुम्हाला सांगते, मी मूळची नागभीडची, पण बारा वर्षं बाहेर शिकले, आधी मंगळूरला, मग थेट समुद्रापलीकडे, आणि परत येताना मनात पक्कं होतं की आपल्याकडे अडचण येणार ती यंत्रांची. व्हेंटिलेटर नसेल, ऑक्सिजन संपेल, वीज जाईल... मी तर दोन बॅटऱ्या घेऊन आले होते! आले तर काय? व्हेंटिलेटर आहे, ऑक्सिजन आहे, वीजसुद्धा आहे. मग नडलं कोण? बायनाबाई! आणि बायनाबाईचं काय करायचं, हे कुठल्याही रिसर्च पेपरात छापलेलं नाही!

थांबा, आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी उगाच म्हाताऱ्या बायकांच्या मागे लागलीय. मी फिजिओथेरपिस्ट. मालिशवाली नव्हे! हे आमच्या घरीसुद्धा अजून सांगावं लागतं. माझा अभ्यास असा, की जो माणूस मरता मरता वाचला, आठ-दहा दिवस यंत्रावर श्वास घेत होता, त्याला नळी काढल्या काढल्या बसवलं, उभं केलं, चालवलं, छातीतला कफ मोकळा केला, तर तो लवकर सावरतो का? त्यासाठी पेशंट पलंगाबाहेर किती मिनिटं होता हे रोज तक्त्यात भरायचं. सोपं आहे की नाही?

पहिली पेशंट शकुबाई. सावली गावाकडची, वय पंचावन्न, धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे लावणी, करताना मण्यार साप चावला, श्वास बंद, नऊ दिवस व्हेंटिलेटर. दहाव्या दिवशी नळी निघाली, बाजूच्या वॉर्डात आणली, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, उजव्या फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतोय, ताप चढतोय, ही अशीच आडवी राहिली तर परवा पुन्हा नळी, आणि दुसऱ्यांदा नळी घातली की मग वाचणं अवघड. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस!

मी कामाला लागले. तीन गोळ्यांचं ते खेळण्यासारखं यंत्र असतं ना, श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात, ते दिलं. शकुबाईनं ते पाहिलं आणि फू करून फुंकलं. म्हटलं, "बाई, ओढायचं, ओढायचं!" तर म्हणते, "माय वो, चूल ओढून पेटते का?" चाळीस वर्षं फुंकणी फुंकलेली बाई, तिला मी ओढायला सांगतेय! पण शिकली हो. दुपारपर्यंत एक गोळी वर. पलंगाच्या कडेला बसली, वॉकर धरून उभी राहिली, सात पावलं चालली! मी तक्त्यात लिहिते आहे... आणि चार वाजले. भेटायची वेळ. खिडकीबाहेर जीप थांबली, तीतून अकरा माणसं उतरली, पुढे बायनाबाई, शकुबाईची नणंद.

शकुबाईनं खिडकीतून पाहिलं मात्र... तुम्हाला सांगते, माझ्या अख्ख्या अभ्यासात नोंदलेली सर्वांत वेगवान हालचाल तीच! वॉकर सोडला, वळली, पलंगावर, चादर गळ्यापर्यंत, डोळे अर्धे मिटलेले, आणि वर "आऽऽई वो..." असा लांबलचक सूर! मी सकाळपासून जो लांब श्वास मागत होते, तो तिनं कण्हण्यात खर्च केला!

मी चादर ओढायला गेले, "उठा बाई, आत्ता तर चालत होता!" तर शकुबाई दबक्या आवाजात म्हणते, "चूप ना वो म्याडम! एवढ्या दुरून लोकं मले पायले आले, अन् मी हिंडून राह्यली तं का म्हणतीन?" हे आहे उत्तर कुठल्या पेपरात?

बायनाबाई पायथ्याशी बसली, डोळ्यांना पदर लावला. "काऊन गं शकू, कशी वाळून गेली तू!" बाकीचे दहा जण पाळीपाळीनं तेच. शकुबाई चुकून बसायला गेलीच तर दोन्ही खांदे दाबून, "नीज, नीज, उठू नोको!" शकुबाईचा नवरा भैयाजी दारात उभा राहून अभिमानानं सांगतोय, "डाक्टरनं तं आशाच सोडली होती!" दोन तास! दुसऱ्या दिवशी दुसरी जीप, चौदा माणसं, आणि आधीची बायनाबाई धरून पंधरा! शकुबाईच्या शेजारच्या पलंगावरचा पेशंटही त्यांच्या मानाखातर आडवा झाला! ताप एकशे दोन.

मी मलिका सिस्टरकडे गेले, वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या त्या. म्हटलं, उद्यापासून भेटायची वेळच बंद करा! त्यांनी इंजेक्शनवरची नजरसुद्धा हलवली नाही. "कर दो बंद, मॅडम. लोक समजतीन शकुबाई गेली. मग जीप नाही, ट्रक येईल."

रडू आलं हो मला. खरंच आलं. दुसऱ्या देशात शिकलेली, दोन बॅटऱ्यांची मालकीण, वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी राहून रडतेय! आणि तेवढ्यात सहा वाजले, बायनाबाई उठली, "येते मी शकू," म्हणाली... आणि शकुबाईचे दोन्ही पाय जमिनीवर! कुणाचा आधार नाही, वॉकर नाही, कण्हणं बंद! "थांब वो बाई, दारापर्यंत पोचवून देते." पाहुणी निघाली आणि घरची बाई पलंगावर पडून राहील? शक्य आहे? बायनाबाईनं लगेच खांदे दाबले, "नीज वो," झाली पुन्हा आडवी. पण मी पाहिलं होतं! चार सेकंद, पण स्वतःच्या पायांवर!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. पांढरा कोट काढून मलिका सिस्टरच्या खुर्चीवर टाकला, ओढणी घेतली, बिस्किटांचा पुडा घेतला, आणि शकुबाईकडे पाहुणी म्हणून गेले. तब्येत विचारली. रोवणा कुठवर आला विचारलं. हळहळले. आणि पाच मिनिटांनी उठले, "चला, निघते बाई."

"अवं, इतक्यात? थांब, पोचवून देते."

दारापर्यंत बारा पावलं! पोचवून परत गेली, तासाभरानं मी पुन्हा हजर. दिवसातून सहा वेळा जाते आणि सहा वेळा निघते. संध्याकाळपर्यंत खोकून खोकून कफ सुटला, दुसऱ्या दिवशी ताप उतरला, डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही. आता माझ्या मार्गदर्शकांचा ईमेल आलाय, उपचार नेमका काय दिला ते एका वाक्यात कळवा. काय कळवू? "मी निघाले" एवढंच?

आणि शकुबाई वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटलीय, "म्याडम मनानं चांगली आहे हो, पण पोरीले वळण नाई. आली का निघाली, आली का निघाली... कुठी दोन घडी बसत नाई!"