पाचशे घोड्यांची टाकी

"हॅलो?… कोण, मृणाल?… अगं जरा जोरात, वाऱ्याचाच आवाज येतोय नुसता."

भिवाने रिसीव्हर उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. उजवा कान गिरणीच्या बॉयलर खात्यातच गेला होता.

"हो, हो… आता येतंय ऐकू… पोचलात सगळे?… ट्रकवरून उतरवताना घासली नाही ना कुठे?… बरं… बरं."

डिलाईल रोडच्या चाळीतल्या त्या खोलीत तो सकाळपासून फोनशेजारी बसून होता. नातीने, मृणालिनीने, वर्षभर कागदावर रेघा मारून ही गाडी आखली होती. जुनी जपानी गाडी, तिला पाचशे घोड्यांचं इंजिन, डिकीत पेट्रोलची खास पेटी आणि पेटीला दोन पंप. चालवायला तिचा भाऊ रघुवीर. घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर आज शर्यत होती. संपात भिवाची गिरणी सुटली तरी हातातला पाना सुटला नव्हता. पुढे वीस वर्षं त्याने रे रोडच्या गॅरेजात काढली, आणि आता या वयात तो शिवडीच्या गोदामात जाऊन नातीच्या गाडीचे पाइप जोडत होता.

"फ्युएल सेल म्हण नाहीतर काही म्हण, मी टाकीच म्हणणार… हो, तुझी आजी इथेच आहे. कालपासून विचारतेय, पाचशे घोडे आहेत तर चंदी कोण घालणार म्हणून… हसू नको. झाली का पहिली फेरी, ते सांग."

"…म्हणजे?… दमली म्हणजे कशी दमली?"

भिवाने मांडी मोडली.

"सावकाश सांग… सुटली चांगली… दुसऱ्या गिअरला पण ठीक… आणि तिसऱ्याला गुदमरली. पाय दाबलेला आहे आणि गाडी पुढे जात नाही… हं. पंप कसा ओरडत होता?… बारीक, शिट्टीसारखा?… दोन्ही?"

"मग काय केलंत?… चंदूने नवा पंप घातला… अगं, पण दोन्ही पंप एकदम कसे जातील?… वायर कच्ची? चंदूच्या हातची वायर कच्ची नसते. पंधरा वर्षं गॅरेजात माझ्या हाताखाली होता तो… कोण बोललं त्याला?… रघू?… सगळ्यांसमोर?… आणि चंदू काय म्हणाला?… काहीच नाही. हं… तो नाहीच बोलणार."

चंदूचा पडलेला चेहरा भिवाला इथून दिसला. त्याला वाईट वाटलं, पण मनात वेगळंच काहीतरी टोचत होतं. शिट्टीसारखा आवाज. पंपाला पाणी पुरेनासं झालं की गिरणीत असाच आवाज यायचा.

"मृणाल, ऐक ना… अगं ऐक. टाकी किती भरली होती?… काठोकाठ. बरं. फेरी झाल्यावर झाकण उघडलंत ना… तेव्हा काय झालं?… नाही, पेट्रोलचं नको सांगू. आवाज काय आला?"

पलीकडून नात सांगत होती आणि भिवाने रिसीव्हर कानाला आणखी दाबला.

"'सुस्स' झालं… आतून बाहेर की बाहेरून आत?… आठव… हवा आत गेली."

रिसीव्हर कानावरून खाली घसरला; त्याने तो परत लावला.

"…नाही, आहे. आहे मी."

गुरुवारची संध्याकाळ, शिवडीचं गोदाम. डिकीखाली ग्राइंडर चालला होता, लोखंडाचा कीस उडत होता. टाकीला हवा पुरवणारी नळी खाली लोंबत होती, तोंड उघडं. आणि कीस आत जाऊ नये म्हणून भिवाने, सवयीने, खिशातल्या सुताचा बोळा करून अंगठ्याने आत दाबला होता. शनिवारी जाऊन काढायचा होता. शनिवारी ताप होता. त्याच दुपारी गाडी ट्रकवर चढली.

"मृणाल, रघू कुठे आहे?… गाडीत बसलाय?… पुढे किती गाड्या आहेत?… एक? आणि तू कुठे आहेस?… मंडपात? धाव. फोन ठेवू नको, हातात धरून धाव… विचारू नको, आधी धाव."

"…या फेरीला जोर वाढवलाय का तुम्ही?… अगं देवा. सांगतो, तू धाव. टाकीला हवा मिळत नाहीये. जितकं पेट्रोल बाहेर, तितकी हवा आत यायला हवी. नाहीतर पंप ओढणार काय? ऐन जोरात पेट्रोल तुटलं तर पिस्टन वितळेल, इंजिन फुटेल, आणि हा पोरगा भरवेगात त्यावर बसलेला."

डाव्या कानात तिची धाप ऐकू येत होती. मग त्या धापेवर चढलेला इंजिनाचा आवाज. तुळसा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि नवऱ्याचं तोंड बघून दारातच थांबली.

"चालू आहे?… पुढे उभी राहू नको गं, बाजूने जा… हात दाखव, दोन्ही हात… खिडकी ठोक. बंद कर म्हणावं… आजोबांनी सांगितलंय म्हणावं… मृणाल?… मृणाल?"

आवाज थांबला. भिवाने डोळे मिटले.

"…बंद झाली. हं… बसून राहा दोन मिनिटं. मी पण बसतो."

"आता ऐक. डिकीखाली हवेची नळी लोंबतेय, तिचं तोंड बघ… सुताचा बोळा आहे?… पांढरा, मध्ये निळा धागा… हो… कुणी काय विचारतेस, मी घातला. मी. चंदूचा काही दोष नाही, रघूला सांग, आत्ता, सगळ्यांसमोर सांग. आणि चंदूला दे फोन."

"चंदू… बोल रे… नाही, तू आधी सांग, तुला दिसला होता तो?… शनिवारी?… मग काढला का नाहीस?"

पलीकडे चंदू थांबून थांबून बोलत होता. भिवा ऐकता ऐकता भिंतीला टेकला.

"…'काकांचा बोळा, काकाच काढतील.'"

बॉयलर खात्याचा नियम होता तो. ज्याने बोळा घातला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत कुणाचं काय काम चाललंय ते त्यालाच ठाऊक. चंदूला तो नियम भिवानेच शिकवला होता, एकदा कानफटात देऊन.

"बरं, आणि मघाशी? गाडी गुदमरली, सगळं उचकलंस, पंप बदललास, तेव्हा ती नळी का नाही बघितलीस?… काय?… परत बोल."

"…'तुमचा हात लागला तिथे मी बघत नाही.'"

तुळसाने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने मानेने नको म्हटलं.

"चंदू, काढ तो बोळा… मी सांगतोय, काढ. नळीला बोट लाव. लागते हवा?… बरं. आता जुना पंप परत घाल, चांगला आहे तो. आणि ऐक. इथून पुढे बघायचं. माझा हात लागला असेल तिथे तर आधी बघायचं. मी म्हातारा झालोय, चंदू… ऐकलंस ना?… चंदू?… हॅलो?… आधी माझं बघायचं, ऐकलंस का रे?… हॅलो?"