वैशालीची तोंडी परीक्षा

आमच्या हॉस्टेलवर तोंडी परीक्षेला सगळ्यात जास्त कोण घाबरत असेल, तर माझी रूममेट वैशाली. ती चांदवडची, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली. नाशिकला इंजिनिअरिंगला आली आणि सगळं एकदम इंग्रजीत. विषय तिला माझ्यापेक्षा चांगला कळायचा, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की अडखळायची. आधीच्या सेमिस्टरला ती तोंडीतच नापास झाली होती. या वेळी तिनं उत्तरं अक्षरशः घोकली होती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आम्हा दोघींना एकत्रच आत बोलावलं. मला दोन सोपे प्रश्न विचारले आणि मग तिच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर का गुणगुणतो?"

हे तिनं घोकलेलंच नव्हतं. मी मनात म्हटलं, गेली बिचारी.

तेवढ्यात ती म्हणाली, "सर, मराठीत सांगितलं तर चालन का?"

सरांनी मान डोलावली. मग काय! आतल्या लोखंडी पत्र्यांवर चुंबकत्वाचा काय परिणाम होतो, ते सारखे ताणले-आखडले जाऊन कसे थरथरतात, सगळं तिनं हातवारे करून सांगितलं. सर मध्येमध्ये मराठीतच विचारत होते आणि ही धडाधड उत्तरं देत होती.

निघताना मात्र तिला धास्ती वाटली. "सर, मराठीत बोलले म्हणून मार्क कापणार नाय ना?"

सरांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कशाला कापू? इंग्रजीतले माझेही घोकलेले प्रश्न तेवढेच होते."