तेराव्याच्या पंगतीतला नवरदेव

नको अम्मा, चहा ठेवू नका, बसा तुम्ही — अनोळखी घरात असं हसणं बरं नाही, कळतंय मला, पण मी घाबरले की हसते, कॉलेजात तोंडी परीक्षेलाही हसले होते. मी निकिता, बेंबळीच्या हिंमतरावांची नात. तुमच्या व्यंकटरावांबद्दल सांगायला आलेय — व्हय, तेच, चोपन्न वर्षांपूर्वी गेलेले — आणि सांगितल्याशिवाय माकणी सोडायची नाही. जाऊ नये म्हणून पप्पांनी माझी पर्स पिठाच्या डब्यात लपवली. आमच्या मोठ्या माणसांना लपवतासुद्धा येत नाही — म्हणजे, येतं. लई येतं.

आधी गमतीचं ऐका. आजोबा तिकडं हिमालयात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांच्या नावाचं तिकीट होतं ते विमान धुक्यात डोंगरावर आदळलं, कुणी सापडलं नाही, गावात तार आली. प्रेत नाही, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला धोतर नेसवलं, जाळला — आणि तेराव्याची पंगत बसलेली, तर आजोबा दारात, हातात ट्रंक. काय म्हणाले असतील? 'कुणाचं तेरावं?' एक म्हातारा बुंदीच्या पत्रावळीसकट पळाला. मग भटजी म्हणाले, जाळलेला माणूस घरात घेता येत नाही, परत जन्माला घाला. घातला की. मिशीवाल्या बाप्याला न्हाऊ घातलं, पाळण्याला नुसता हात लावून बारसं केलं, मग आजीशीच परत लग्न. आजी म्हणते, पहिल्यांदा नवरा न बघता केला, दुसऱ्यांदा बघून केला, तरी तोच निघाला. हसा की, अम्मा.

सगळं गाव हसण्यात गुंगलं, आणि एकानंही विचारलं नाही — विमानातली ती जागा रिकामी गेली का?

नव्हती रिकामी. आजोबांना विमानाची भीती. परवा त्यावरूनच चिडवत होते मी, तर बोलून गेले — जोडीदार म्हणाला होता, तू ट्रकनं ये, तुझ्या तिकिटावर मी जातो. जोडीदार माकणीचा होता — तुमचे व्यंकटराव. आजोबा परत कामावर गेलेच नाहीत, कुणाला सांगितलंही नाही, म्हणून ऑफिसानं तुम्हाला लिहिलं, माणूस कामावरून पळाला. लोकांनी वर एक बाईही जोडून दिली, खरं ना? पप्पा म्हणतात, आता कशाला उकरायचं. कशाला म्हणजे? तुम्ही टाकलेली बाई म्हणून जगलात, आणि आमच्याकडं तो हसायचा किस्सा — मीच सांगायचे, प्रत्येक लग्नात, हातवारे करून.

पळाले नव्हते ते, अम्मा. विमानात खिडकीजवळ बसायला मिळणार म्हणून ट्रकच्या टपावर चढून नाचले होते. पुढच्या खेपेला शांतीला आणतो म्हणाले — म्हणजे तुम्हालाच, अम्मा.

काय? नाचले होते, व्हय. आजोबांनी बघितलं. — कोण, आजोबा? आहेत की, खाटेवर असतात. आत्ता? बेंबळीला? अहो, ऊन बघा बाहेर — आणि जाऊन काय विचारणार त्यांना?

बरं. मी नाही विचारत तुम्हाला काही. घाला चपला. चला बेंबळीला.