कुराउची बाईंच्या मानेवरची गाठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या बेटाचे प्रमुख माननीय उराता साहेब, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक महोदय, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली कुराउची बाई, तिला न्यायला सकाळच्या बोटीने आलेले तिचे वडील, आणि समोर बसलेल्या माझ्या बेटकरी मंडळींनो,

बाईंच्या शिकवण्याबद्दल मुख्याध्यापक बोललेच. मी पडले घरमालकीण. तीन वर्षं ती माझ्या माडीवर राहिली. माडीवरचं माणूस कण्हलं तरी खाली ऐकू येतं, तेवढाच माझा अधिकार. तेव्हा अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून मी तिला होनामीच म्हणते.

ती आली त्या वर्षीच्या शरदातली गोष्ट. तिला ताप यायला लागला. उतरायचा, पुन्हा चढायचा. पहाटे अंथरूण घामाने भिजलेलं असे. मी पेज करून द्यायची, ती दोन घास खाऊन वाटी सरकवायची. एकदा केस वर बांधताना तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "काकू, इथे हात लावून बघता?"

मानेच्या डाव्या बाजूला गाठी होत्या. दाबल्या तर दुखत होत्या. मी म्हटलं, सर्दीच्या असतील. तिने मान हलवली. तिची आई अशाच गाठींनी गेली होती. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कर्करोग. ती शाळेत असताना. हे तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, अगदी शांतपणे. त्या शांतपणाचीच मला धडकी भरली.

तिला नागासाकीच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, लिम्फोमा असू शकतो, त्यातली एक अख्खी गाठ काढून तपासावी लागेल, म्हणाल्या. गाठ काढली. निकाल यायचा होता. मंडळी, तुम्ही वादळात बोट परतायची वाट पाहिली आहे. त्याहून वेगळं काय सांगू? घरात आम्ही दोघी भाताबद्दल बोलायचो, हवेबद्दल बोलायचो. जिना चढताना तिचा पाय अडखळला तरी मी हातातलं काम टाकून कान द्यायची.

वडिलांना तिनेच फोन केला. कुराउची साहेब कुमामोतोला केशकर्तनालय चालवतात. दुकान बंद करून दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. पोरीकडे बघत बूट काढायच्या जागीच उभे राहिले. आयुष्यभर लोकांच्या मानांवर ज्यांचे हात फिरले, त्यांना तिच्या मानेकडे हात नेववेना. माफ करा साहेब, तुमच्यासमोरच सांगतेय.

निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कर्करोग नाही. याला किकुचीचा आजार म्हणतात. गाठी सुजतात, आतल्या पेशी मरतात, दिसायला लिम्फोमासारखंच दिसतं. पण बहुतेकांचा हा आपोआप बरा होतो."

आम्हाला आनंद झाला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? कुराउची साहेबांनी विचारलं, "औषध कुठलं?"

"तापापुरतं. आणि आराम."

"माझ्या बायकोलाही आधी साधी सूज आहे म्हणाले होते," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली काय दिसलं ते पुन्हा पहिल्यापासून समजावलं. दुसऱ्या तज्ज्ञांनीही तेच सांगितल्याचं दाखवलं. साहेबांनी सगळं ऐकलं, वाकून नमस्कार केला, आणि एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही. खरं सांगू? मीही नाही.

वाईट बातमी माणूस लगेच मानतो. चांगली मानायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पोरीला नाही, मला. "उरलेल्या गाठी केवढ्या आहेत?" मी चाचपून सांगायची, बोराएवढ्या. मग वाटाण्याएवढ्या. ताप गेला तरी आम्ही दोघं कुजबुजतच बोलायचो, जणू मोठ्याने बोललं तर तो ऐकेल.

वसंतात ते पुन्हा आले ते कात्री घेऊन. माझ्या स्वयंपाकघरात तिला स्टुलावर बसवलं, केस कापले. मग कात्री ठेवून दोन्ही हातांनी तिची मान चाचपली, कानामागून खांद्यापर्यंत. बराच वेळ.

"बाबा, गुदगुल्या होतात," होनामी म्हणाली.

ते मागच्या दारी जाऊन रडले. मी भांडी घासत राहिले.

भीती गेली का? डॉक्टर म्हणतात, क्वचित हा आजार उलटतो, कधी दुसऱ्या आजाराची चाहूलही असतो, तपासत राहा. परवा सामान बांधताना ती म्हणाली, अंग जरा कसकसतंय. रात्रभर मी जिन्याखाली बसून होते. सकाळी उठून ती तीन वाट्या भात जेवली.

अध्यक्ष महोदय, मला बोलायला उभं केलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. कुराउची साहेब, पोरगी ठणठणीत आहे. घेऊन जा. भीती तेवढी माझ्याकडे राहू द्या. माडी आता रिकामीच आहे.